जुने आउटबोर्ड इंजिन निवडताना

मे महिना सरत आला की कोकण किनाऱ्यावर जुनी आउटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची इंजिने, विकायला निघतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या झापांनी शाकारून वर ओढलेल्या, आणि ज्याला पुढच्या हंगामात नवे इंजिन घ्यायचे आहे त्याला जुने घरात नको असते. घ्यायची वेळ हीच. नारळी पौर्णिमा तोंडावर आली की तेच इंजिन, तोच मालक, पण भाव वेगळा.

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "यामाहा घेऊ की सुझुकी?" याचे उत्तर द्यायच्या आधी त्याला दोन गोष्टी विचाराव्या लागतात: होडी कसली आहे, आणि तुमच्या बंदरावरचा मिस्त्री कोणते इंजिन डोळे झाकून उघडतो? जुन्या इंजिनाच्या बाबतीत दुसरा प्रश्न कंपनीपेक्षा मोठा. पंधरा वर्षांचे साधे इंजिन, ज्याचा इम्पेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातले रबरी चक्र) तालुक्याच्या गावात मिळतो, ते पाच वर्षांच्या झकास इंजिनापेक्षा बरे, ज्याचा इम्पेलर मागवून महिनाभर वाट बघावी लागते. हंगामातला महिना म्हणजे काय ते होडीवाल्याला सांगायला नको.

पुढचे सगळे खाडीत आणि किनाऱ्यालगत चालवायच्या १४ ते १८ फुटी फायबरच्या होडीसाठी आहे. मालवणकडे जिला पात म्हणतात, साधारण तशी. अशा होडीला ८ ते १५ हॉर्सपॉवरची इंजिने लागतात आणि जुन्या बाजारात फिरणारीही बरीचशी तीच.

पहिले काम: होडी मोजा

इंजिन जिथे अडकवतात त्या मागच्या फळीची उंची टेप लावून मोजा. वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत, मधोमध, उभी. साधारण १५ इंच आली तर शॉर्ट शाफ्ट, २० इंच आली तर लाँग शाफ्ट. शाफ्ट म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतचा दांडा. २५ इंचीही असतात, पण त्या मोठ्या होड्यांसाठी. पंख्याच्या वर जी आडवी पाती असते ती होडीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड पडला तर लाटेवर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळते आणि होडी जागची हलत नाही. लांब पडला तर खाडीच्या मुखावरच्या वाळूच्या दांड्यावर पंखा आधी टेकतो. "थोडा फरक आहे, चालून जाईल" असे विकणारा म्हणेलच. पाच इंचांचा फरक चालत नाही.

फळीही ठोकून बघा. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असते आणि जुन्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजते. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर इंजिनाचे पैसे आधी फळीला लावा. १५ हॉर्सपॉवरचे टू स्ट्रोक इंजिन (तेल पेट्रोलमध्येच मिसळून चालणारे) ४० किलोच्या आसपास, त्याच ताकदीचे फोर स्ट्रोक ५० किलोच्या वर. हे वजन वर धक्क्यांसकट येते.

ताकदीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. गोल बुडाची, जड, पाणी कापत जाणारी होडी ठरावीक वेगापलीकडे जातच नाही. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर ही मर्यादा साधारण साडेपाच नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. तिथवर पोचायला ८ हॉर्सपॉवर पुरतात. १५ लावलेत तर मागे लाट मोठी उठेल आणि पेट्रोल जळेल, बस. सपाट बुडाची हलकी होडी असेल आणि ती पाण्यावर उचलून पळवायची असेल तरच १५ ला अर्थ आहे. उलट टोकही वाईट. ओहोटीच्या वेळी खाडीचे पाणी आणि समोरून वारा, दोन्ही एकदम आले तर ४-५ हॉर्सपॉवरवर होडी आहे तिथेच राहते.

टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक

जुने घ्यायचे असेल आणि स्वतः हात काळे करायची तयारी असेल तर माझे मत टू स्ट्रोकच्या बाजूने. भाग कमी, वजन कमी, व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग बेल्ट नाही. बिघाड झाला तर तो प्लग, कार्बोरेटर किंवा पाण्याचा पंप यांच्यापैकी एकात सापडण्याची शक्यता दांडगी. तोटा पेट्रोलचा. पूर्ण जोरावर १५ हॉर्सपॉवरचे कार्बोरेटरवाले टू स्ट्रोक तासाला सहा लिटरच्या आसपास पिते. फोर स्ट्रोकला साधारण एक तृतीयांश कमी लागते. धूर आणि आवाज वेगळाच. रोज चार-पाच तास पर्यटक फिरवायचे असतील तर हिशोब फोर स्ट्रोककडे झुकतो, आणि प्रवाशांची डोकीही कमी दुखतात. पण जुने फोर स्ट्रोक घेताना आधीच्या मालकाने इंजिन ऑइल वेळेवर बदलले का, यावर सगळे अवलंबून, आणि ते बाहेरून कळत नाही. शिवाय फोर स्ट्रोक भलत्या कुशीवर आडवे ठेवून टेम्पोतून आणले तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरते. कोणत्या कुशीवर ठेवायचे याची खूण बऱ्याच इंजिनांवर असते, ती बघा.

कोणती कंपनी

यामाहाचे एंड्युरो मालिकेतले टू स्ट्रोक आपल्याकडच्या मच्छीमारांच्या हातात रुळलेले आहे. ते मासेमारीसारख्या रोजच्या मारासाठीच बनवलेले; भाग जाड, रचना साधी. नवख्याने दुसरे सबळ कारण नसेल तर इथूनच सुरुवात करावी. यामाहाचे ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरचे टू स्ट्रोक २४६ सीसीच्या एकाच ब्लॉकवर बांधलेले आहे. त्यामुळे ९.९ चे चांगले इंजिन समोर असेल आणि १५ चे झिजलेले, तर आकड्याला भुलू नका. वजन जवळपास तेवढेच, भाग बरेचसे तेच.

सुझुकी आणि तोहात्सुची लहान टू स्ट्रोक इंजिनेही दणकट. मर्क्युरीच्या नावाने विकलेली कित्येक लहान इंजिने मुळात तोहात्सुचीच, त्यामुळे भाग शोधताना दोन्ही नावांनी विचारा. होंडाने आउटबोर्डमध्ये पहिल्यापासून, १९६४ पासून, फोर स्ट्रोकचाच धंदा केला. शांत चालतात, पण जुन्या होंडाला हात लावणारा मिस्त्री जवळ आहे का ते आधी पाहा.

जॉन्सन आणि एव्हिनरूड ही एकाच अमेरिकन कंपनीची दोन नावे. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, नंतर बोम्बार्डियरने ती नावे घेतली आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचे उत्पादनही थांबले. अमेरिकेत राहणाऱ्या आणि तळ्यात चालवायला होडी घेणाऱ्या मराठी वाचकाला मात्र हीच इंजिने जागोजागी दिसतील. १९७४ पासूनची ९.९ आणि १५ हॉर्सपॉवरची जोडी तिथे फार खपली आणि तिचे भाग तिथे अजून सहज मिळतात. १९६४ च्या आधीचे जॉन्सन कुणी हौसेने दिले तर तेलाचे प्रमाण वेगळे असते हे लक्षात ठेवा: २४ भाग पेट्रोलला १ भाग तेल. रत्नागिरीत किंवा सिंधुदुर्गात असे इंजिन स्वस्त मिळाले तरी ते शोभेचेच.

एक इशारा केरोसीनवर चालणाऱ्या इंजिनांबद्दल. केरळच्या किनाऱ्यावर ही खूप आहेत आणि तिथून फिरत फिरत इकडेही येतात. ती पेट्रोलवर सुरू करून मग केरोसीनवर घ्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा उतरेल. त्यांचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये होणारा दाब, मुद्दाम कमी ठेवलेले असते. रेशनच्या केरोसीनची सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

बघायला जाताना

बरोबर घ्या: प्लगचा पाना, रुंद तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, कॉम्प्रेशन गेज (नसेल तर मिस्त्रीकडून मागून), उजेडाची बॅटरी (टॉर्च), पांढरे फडके आणि एक रिकामी डबी. आणि मालकाला फोनवरच सांगा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." गेल्या गेल्या हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या टोकावरच्या झाकणावर, हात ठेवा. गरम लागले तर इंजिन तुमच्यासाठी तापवून ठेवलेले आहे. थंड इंजिन कसे सुरू होते ते बघायला तुम्ही आलात. तापलेले कुठलेही सुरू होते.

मालक म्हणेल, "इंजिन बरां आसा, खाली कार्बोरेटर साफ करूक होयो." म्हणजे इंजिन बरे आहे, फक्त कार्बोरेटर साफ करायला हवा. कार्बोरेटर साफ करणे एवढे सोपे असते तर त्याने विकण्याआधी केले असते. हे मनात ठेवा, बोलू नका.

आता सावकाश. ताजा रंग दिसला तर थांबा आणि विचारा का. सिलिंडरच्या हेडवरचा रंग करपलेला, फुगलेला असेल तर इंजिन कधीतरी बेदम तापले आहे. ब्लॉक आणि हेडच्या सांध्यावर पांढरी पूड जमली असेल तर तिथून खारे पाणी पाझरते. हँडल डावी-उजवीकडे फिरवा, इंजिन वर उचला, फळीला पकडणारे दोन्ही स्क्रू फिरवून बघा. खाऱ्या पाण्यात ग्रीस न घातलेले इंजिन इथेच जाम होते आणि गरम करून, ठोकून सोडवताना ॲल्युमिनियमचा कान तुटतो. इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा छोटा ठोकळा, ज्याला मिस्त्री झिंक म्हणतात, तो अर्धा झिजलेला असला तर चांगले. म्हणजे तो त्याचे काम करत होता. त्याच्यावर कुणी रंग मारला असेल तर तो निकामी, आणि रंग मारणाराही तितपतच.

वरचे झाकण काढून फ्लायव्हील (वरचे जड चाक) दोन्ही हातांनी धरा आणि वरखाली, आडवे हलवा. खडखड लागली तर क्रँकचे बेअरिंग गेलेले. नमस्कार करून घरी या.

गिअरचे तेल

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. पंख्याच्या पुढच्या भागात, गिअरच्या घराला दोन स्क्रू असतात, एक खाली आणि एक वर. इंजिन किमान एक रात्र उभे असलेले बरे, म्हणजे पाणी असेल तर ते तळाला बसते. खाली डबी धरा आणि खालचा स्क्रू हळूहळू सैल करा, एकदम पूर्ण काढू नका. आधी काय येते ते बघा. काळपट किंवा मधासारखे स्वच्छ तेल आले तर घट्ट करून टाका, काम झाले. आधी दोन थेंब पाणी आले, किंवा तेल दुधाच्या चहासारखे पांढुरके निघाले, तर सील (पाणी आत येऊ न देणारे रबर) गेलेले आहे. काहीच आले नाही तर त्याहून वाईट. स्क्रूच्या टोकाशी चुंबक असेल तर त्यावर चिकटलेला काळा मऊ लेप चालतो. चमकणारे कण किंवा किस असेल तर गिअरचे दात निघताहेत.

आपल्याकडे हे सील जाण्याचे नेहमीचे कारण तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा. जाळ्याचा तुटका तंगूस पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो आणि सील कापतो. पंखा काढून मागे बघायला मालकाने हरकत घेतली नाही तर जरूर बघा. सील स्वस्त असते, पण पाणी किती दिवस आत होते ते कुणालाच ठाऊक नसते. पांढुरके तेल निघालेले इंजिन घ्यायचेच असेल तर गिअरचा भाग मिस्त्रीसमोर उघडूनच भाव ठरवा.

प्लगच्या टोप्या काढून ठेवा आणि पंखा हाताने फिरवा. न्यूट्रलमध्ये मोकळा फिरावा, गिअर टाकल्यावर पकड लागावी. मागून बघताना शाफ्टचे टोक गोल फिरते की डुलते? डुलत असेल तर पंखा कधीतरी खडकावर आपटला आहे.

कॉम्प्रेशन आणि ड्रम

दोन्ही प्लग काढा. प्लगच्या तारा ब्लॉकला टेकवून ठेवा, नाहीतर ठिणगी देणारे इग्निशनचे युनिट जळू शकते. थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज बसवा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. आकडा किती यापेक्षा दोन सिलिंडरमध्ये फरक किती हे महत्त्वाचे. दोन्हीकडे १०० पीएसआय (गेजवरचे दाबाचे माप) आला तर मी निर्धास्त असेन. एकीकडे ११५ आणि दुसरीकडे ८५ आला तर ते इंजिन नको, जरी ११५ हा आकडा छान दिसत असला. दहा टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

मग ड्रममध्ये पाणी भरून सुरू करा. पाणी आडव्या पातीच्या वर हवे. पाण्याशिवाय "फक्त दोन सेकंद" सुरू करून दाखवतो म्हणणाऱ्याला थांबवा, रबरी इम्पेलर कोरडा फिरला की तेवढ्यात भाजतो. सुरू झाल्यावर मागच्या छोट्या भोकातून पाण्याची धार यायला हवी. ती कोमट असावी आणि जोर एकसारखा असावा. धार नसेल तर लगेच बंद करा, पण लगेच नकारही देऊ नका. बरेच महिने पडून असलेल्या इंजिनाच्या त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते. बारीक तार घालून बघा. तरीही धार नाही, तर इम्पेलर गेला किंवा आतल्या वाटा मिठाने बुजल्या. पहिले स्वस्त, दुसरे नाही, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

दहा मिनिटे चालू ठेवा. एकेका प्लगची टोपी काढायची जुनी युक्ती करू नका, झटका बसतो. आवाज ऐका, एक सिलिंडर मधूनच सोडत असेल तर लय मोडते ती कळते.

पाण्यात

जमले तर होडीला लावून, दोन माणसे बसवून, खाडीत चाचणी घ्या. ड्रममध्ये शहाणे वागणारी इंजिने भार आला की रंग दाखवतात. जोर वाढवला की गिअर खटकन सुटत असेल तर गिअरचे दात गोल झालेत. आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल तर पंख्यातले रबर घसरते आहे. हे दुरुस्त होते, भाव पाडायला चांगले कारण. बंद करणारी लाल दोरी मनगटाला बांधून एकदा ओढून बघा. ती चालत नसेल तर एकट्याने चालवायच्या होडीवर ते इंजिन लावूच नका. माणूस पाण्यात आणि होडी गोल फिरत पुन्हा त्याच्यावर, हे अपघात याच दोरीअभावी होतात.

नंबर आणि कागद

फळीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवर पट्टी असते, तिच्यावर मॉडेल आणि नंबर. पट्टी खरवडलेली किंवा उपटलेली असेल तर इंजिन चोरीचे धरा. बिल नसेल तर निदान विकणाऱ्याची सही, ओळखपत्राची प्रत आणि इंजिन नंबर असलेला कागद घ्या. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि प्रवासी वाहतुकीचे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाकडे असते. इंजिन बदलले की कागदांवरही बदलावे लागते, तेव्हा पैसे देण्याआधी तिथे चौकशी करा.

घरी आणल्यावर

आधीचा मालक कितीही शपथेवर सांगो, इम्पेलर, गिअरचे तेल, दोन्ही प्लग आणि पेट्रोलची नळी, हाताने दाबून पेट्रोल चढवायच्या रबरी फुग्यासकट, बदला. भाव ठरवताना हा खर्च आधीच वजा करून बसा.

पेट्रोलच्या नळीबद्दल आता जास्त जपावे लागते. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आज २० टक्के इथेनॉल असते. जुन्या आउटबोर्डांच्या पुस्तकांत ही मर्यादा बहुधा १० टक्केच दिलेली. इथेनॉल जुने रबर मऊ करते आणि हवेतली ओल ओढून घेते. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत ते पाण्यासकट तळाला बसते. म्हणून इथेनॉलला टिकणारी नळी घ्या, मध्ये पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा आणि लागेल तेवढेच पेट्रोल भरा.

टू स्ट्रोकचे प्रमाण बहुतेक जपानी इंजिनांना ५० ला १ चालते: पाच लिटरला १०० मिली. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्यावर थंड होणाऱ्या टू स्ट्रोक इंजिनांच्या तेलाची खूण) लिहिलेलेच हवे. स्कूटरचे टू-टी तेल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी असते; पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर आणि रिंगांत बसते. तेल आधी थोड्या पेट्रोलमध्ये घुसळून मग उरलेले पेट्रोल ओता.

रोज परत आलात की गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये पाच-दहा मिनिटे चालवा. शेवटी पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. पावसाळ्याआधी गिअरचे तेल बदला, जूनमध्ये नव्हे, मेमध्येच. आत पाणी असेल तर ते दोन महिने गंज चढवत बसेल. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर टू स्ट्रोक तेल सोडा, दोरी हळू दोनदा ओढा, प्लग परत लावा आणि इंजिन उभेच टांगून ठेवा, पडवीत, पागोळ्यांपासून लांब. धार येते त्या भोकात कापडाची वात खुपसा, आणि ऑगस्टमध्ये सुरू करण्याआधी ती काढायची आठवण हँडलला चिठ्ठी बांधून ठेवा.